ग्रस्तास्तातले टाके

उमाने तो रुमाल ग्रहणाच्या संध्याकाळी पुरा केला हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले नसते, तर पुढचे काहीच झाले नसते. राहूला ते कळले असते किंवा नसते. माईंना मात्र खचित कळले नसते, आणि औरंगपुऱ्यातल्या त्या घरात राहूपेक्षा माईंना कळणे अधिक महत्त्वाचे होते.

सांगितले तेही किती सहज. आषाढ सरत आला होता. दुपारची जेवणे उरकून माई, म्हणजे उमाच्या सासूबाई, सोप्यावर पाय पसरून फुलवाती वळत होत्या आणि शेजारी उमा भिंतीला पाठ टेकून क्रोशाची सुई चालवत होती. तिला आठवा लागला होता. बोलणे पलीकडच्या गल्लीतल्या जैनबआपांच्या घरचे निघाले. आपांच्या रजियाचे लग्न ठरले होते आणि तिच्या जहेजात तबकावर झाकायला म्हणून उमाने पांढऱ्या दोऱ्याचा मोठा गोल रुमाल विणून दिला होता. एवढा मोठा रुमाल तू केव्हा संपवलास, असे माईंनी कौतुकानेच विचारले. उमा म्हणाली, ग्रहणाच्या दिवशी. तुम्ही देवळात गेला होता ना, तेव्हा. सूर्य बुडाला होता.

माईंच्या बोटांतली वात अर्धी वळून थांबली.

"बुडाला म्हणजे काय सुटला का?"

उमा हसली. तिला वाटले, माई थट्टा करताहेत. मग तिने वर पाहिले.

ज्येष्ठातल्या अमावास्येचे ते ग्रहण ग्रस्तास्त होते. म्हणजे सूर्य ग्रासलेला असतानाच मावळला. अशा ग्रहणाचा मोक्ष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सूर्याचे शुद्ध बिंब पाहावे आणि मगच ग्रहण सुटले असे मानावे, अशी रीत आहे. जालन्याच्या तिच्या माहेरी ग्रहण पाळत नसत असे नाही. पण ग्रस्तास्त म्हणून काही निराळे असते हे उमाच्या कानावर कधी आलेले नव्हते. सूर्य गेला, त्याच्याबरोबर ग्रहणही गेले, असा सरळ हिशेब तिने केला. बावीस वर्षांच्या, दोन इयत्ता इंग्रजी शिकलेल्या मुलीने जो हिशेब करावा तोच. त्यातून दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटून होते. बिंब दिसले ते दुपारी, डोक्यावरचे ढग जरासे फाटले तेव्हा, आणि तेही निमिषभर. तोवर माईंनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. उमाने मात्र आदल्या संध्याकाळीच रुमालाचा शेवटचा घेर पुरा करून, गाठ मारून, दोरा कापलासुद्धा होता.

माई ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. उमाला ओरडण्याची सवय होती. त्यांनी वाती डब्यात ठेवल्या, डब्याचे झाकण लावले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "गाठ पण मारलीस?"

"व्हय."

"आन् कापलंस."

उमाने हातातली सुई खाली ठेवली.

माईंच्या धाकट्या भावाच्या डाव्या हाताची दोन बोटे जन्मापासून जुळलेली होती. त्यांच्या आईने ग्रहणात शेवया वळल्या होत्या, हे त्या कुळातले एकमेव वैद्यकीय संशोधन, आणि ते तीन पिढ्या कोणत्याही शंकेशिवाय टिकले होते. त्याच ग्रहणात त्याच गावात आणखी किती पोटुशा बायांनी शेवया वळल्या, भाजी चिरली, फाटके शिवले आणि धडधाकट पोरे जन्माला घातली, याची चौकशी करण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. जे भय फळाला येते तेवढेच लोक जपून ठेवतात.

क्रोशाचे प्रकरण आपल्याकडे मिशनच्या बायांबरोबर आले. ग्रहणात काय चिरू नये, काय शिवू नये, काय मुडपू नये याचा काथ्याकूट ज्यांनी केला त्या निर्णयकारांनी ही आकड्याची सुई कधी पाहिली नसावी. तरीही राहूचा अभ्यास अद्ययावत होता. माईंनी दोन दिवसांत शेजारपाजारच्या जाणत्या बायांना विचारून घेतले, नाव न घेता, 'आमच्या ओळखीत एक आहे' असे म्हणून. आणि ओळखीतली ती एक कोण हे सगळ्यांना कळूनही सगळ्यांनी न कळल्यासारखे करून मत दिले. कापले म्हणजे ओठ. गाठ म्हणजे बोटे. आणि फासे, एकात एक अडकवलेले इतके फासे, ते म्हणजे नाळ. नाळेचे काय होते ते कोणी उच्चारले नाही. एकीने नुसता स्वतःच्या गळ्याभोवती हात फिरवला. उमा तेव्हा दाराआड उभी होती.

त्या दिवसापासून तिला तो घेर दिसू लागला. शेवटचा घेर तिने बारीक कमानींचा घेतला होता, प्रत्येक कमान म्हणजे पाच साखळ्यांचा एक फासा. अंथरुणाला पाठ टेकली की एकेक कमान डोळ्यांपुढे येई, आणि तिच्या पोकळीत काहीतरी लहान, ओले, न दिसणारे असे. बाळ हलले की ती घाबरे, हे अडकल्याची धडपड तर नाही ना म्हणून. हलले नाही की त्याहून घाबरे.

आणि सर्वांत वाईट हे, की ती संध्याकाळ तिला फार सुखाची गेली होती. त्या दिवशी सकाळपासून तिला धान्याच्या राशीपाशी मांडी घालून बसवले होते. हात मांडीवर, नजर समोर, तोंडाने जप. ज्या हातांना सुई नसली की पदराच्या काठाशी चाळा करण्याची खोड, ते हात दिवसभर उपाशी राहिले होते. जालन्याला शेजारी राहणाऱ्या मिशन दवाखान्यातल्या परिचारिकेने तिला दहाव्या वर्षी हा नाद लावला होता. स्वेटर विणावा, टकळीवर सूत काढावे, काही करावे, पण क्रोशाला तोड नाही असे उमाचे मत होते. कारण त्यात एक सुई, एक दोरा आणि एक जिवंत फासा, एवढ्यावर सारे उभे राहते, आणि मन नेमके त्या एका फाशाएवढे होऊन जाते. सूर्य बुडाला, माई देवळात गेल्या, घर रिकामे झाले, आणि तिने सुई उचलली तेव्हा पहिल्या टाक्याला तिच्या अंगावर शहारा आला होता. त्या आनंदाची आठवणच आता तिच्याविरुद्ध साक्षीला उभी राहत होती. एवढे सुख वाटले ते उगीच नव्हे. त्यात काहीतरी असणारच.

तिचा नवरा श्रीधर कॉलेजात इतिहास शिकवीत असे. पोलीस ॲक्शनला सहा वर्षे होत आली होती आणि या सहा वर्षांत शहरात भाषणांना मोठी तेजी आली होती. निजामाच्या राज्यात जी तोंडे मिटलेली होती ती आता एकदम उघडून मिटायची विसरली होती. श्रीधरचे आवडते प्रतिपादन असे, की राज्ये सैन्याच्या बळावर टिकत नाहीत, प्रजेच्या भयावर टिकतात. म्हणून नव्या नागरिकाचे पहिले कर्तव्य निर्भय होणे. ग्रहणाच्या आधल्या आठवड्यात तर त्याने वाचनालयात कंदील, मोसंबे आणि सुपारी घेऊन सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांचा खेळ मांडून दाखवला होता. टाळ्या पडल्या. मोसंबे नंतर अध्यक्षांनी खाल्ले.

उमाने त्याला सगळे सांगितले. तो आधी हसला, आणि ते हसणे ऐकून तिच्या जिवात जीव आला. मग त्याने चंद्राची सावली, तिची रुंदी, तिचा वेग, हे सारे समजावले. ती सावली पृथ्वीवरून पुढे निघून गेल्यावर औरंगपुऱ्यातल्या एका खोलीत तिचा अंश उरणे कसे अशक्य, हेही सांगितले. उमाला त्याचे ऐकत राहावेसे वाटत होते. त्याने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा चढवला.

"शेवटचा घेर म्हणजे," तो म्हणाला, "कितीसा असतो?"

उमाने हाताने दाखवले.

तो थोडा वेळ त्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "उसवता येतं ना ते? नाही, अर्थ काहीच नाही त्यात. पण आईच्या समाधानासाठी."

आईच्या समाधानासाठी! हे दोन शब्द या देशातल्या किती सुशिक्षित पुरुषांना किती प्रसंगी वाहून नेऊन सुखरूप पलीकडे उतरवते झाले आहेत, याचा इतिहास कोणी तरी लिहायला हवा. श्रीधर लिहिणार नव्हता. उमाला मात्र त्या क्षणी जे कळले ते कोणत्याही जाणत्या बाईने सांगितले नव्हते. गेल्या साली तिचा पहिला गर्भ पाचव्यात गेला होता. तेव्हा याच माणसाने तिच्या उशाशी बसून, यात तुझा काही दोष नाही, असे पुन्हा पुन्हा म्हटले होते. आज तो तसे म्हणाला नाही.

माईंचाही उपाय तोच होता. जे ज्या हाताने बांधले ते त्याच हाताने, नववा लागायच्या आत, सोडवायचे. चिरलेली भाजी सांधता येत नाही, पण विणलेले उसवता येते. एवढी तरी देवाने सवलत ठेवली आहे, असे त्या म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांचे उमावर प्रेम नव्हते असे कोणी म्हणू नये. प्रेम होते म्हणूनच ते इतके निर्दय होऊ शकले.

प्रश्न एवढाच होता, की रुमाल आता जैनबआपांच्या घरी होता.

उमा दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. पाऊस उघडला होता, गल्लीत चिखल होता, आणि आठव्या महिन्यातले पाऊल जपून टाकावे लागत होते. वाटेत तिने एक खोटे जुळवले: एक टाका चुकलाय, दुरुस्त करून आणते. दाराची कडी वाजवली तेव्हा आतून आधी दुसरी कडी बसल्याचा आवाज आला. त्या घराची ही रीतच पडली होती. आपांचे मालक हिमरूच्या मागावर बसत. थोरला मुलगा त्या सप्टेंबरात, फौजा शहरात आल्या त्या दिवसांत, घराबाहेर पडला तो परतला नव्हता. कोणी म्हणे कराचीला असेल, कोणी काहीच म्हणत नसे. तेव्हापासून दार वाजले की आत एक कडी वाढे.

"आपा, मी उमा."

"अगे मां," कड्या काढीत आपा म्हणाल्या, "इत्ते कीचड में पेट लेके कायकू आयी गे? बुला भेजती तो मैं आती ना."

त्यांनी तिला बाजेवर बसवले, पाठीशी उशी दिली, चहाला आधण ठेवले. रजिया आत होती, बाहेर आली नाही. लग्न ठरलेल्या मुलीने लाजायचे असते. उमाने टाक्याचे खोटे सांगितले. आपा हसल्या. मला तर काही दिसले नाही, म्हणाल्या, आणि व्याह्यांकडची माणसे काय टाके मोजत बसणार आहेत का. त्यांना मोजायला दुसरे पुष्कळ आहे. मग त्यांनीच कौतुकाने पेटीतून तबक बाहेर काढले. तबकात बांगड्या, सुरमादाणी, आरसा, आणि वर तो रुमाल, बर्फासारखा. मालकांनीसुद्धा हातात घेऊन पाहिला, म्हणाल्या. मागावरचा माणूस दुसऱ्याच्या कामाला सहसा बरे म्हणत नाही.

उमाला ते खोटे पुढे रेटवेना. तिने खरे सांगितले. ग्रहण, मावळलेला सूर्य, दुसऱ्या दिवशीचे ढग.

आपांचा हात रुमालावर होता. तो हात त्यांनी उचलून घेतला, हळूच, तव्यावरून उचलावा तसा.

"गहन में?"

"मला वाटलं, सुटलं."

"डूबा तो क्या हुआ. गहन तो गहन है." त्यांनी तबक जरा दूर सारले. "मेरी अम्मी बी ऐसाच बोलती थी. पेट से रहो तो कैंची नै, सुई नै. सीधा लेटना, बस."

सहा वर्षांपूर्वी या दोन गल्ल्यांमधली वाट दिवसासुद्धा ओस पडत होती. देव कोणाचा, राज्य कोणाचे, भाषा कोणती, मेलेल्यांत कोणाचे किती, यांपैकी एकाही गोष्टीवर या शहराच्या दोन भागांचे एकमत झालेले नव्हते आणि होण्याची चिन्हे नव्हती. या एका मुद्द्यावर मात्र दोन्ही गल्ल्यांत अक्षराचाही मतभेद नव्हता. ऐक्याची भाषणे करणाऱ्यांनी ही जागा कधी हेरली नाही, हे त्यांचे दुर्दैव.

आपांनी रुमाल दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलला, जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळला आणि उमाच्या मांडीवर ठेवला. चहाचे आधण उकळून सांडले, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते.

"बुरा नक्को मान बेटी. ले जा. मेरी बी बच्ची है." आतल्या दाराकडे पाहून त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "उसके ससुराल में किसकू बोलना नै. मेरे घर का एक गया सो बस है."

उमा घरी आली ती एका घराचे भय दुसऱ्या घरी पोचते करून, आणि गाठोडे परत घेऊन.

सोप्याच्या मागे तिची खोली होती. माई देवापुढे समई लावून बसल्या. अर्ध्या तासात आत येऊन पाहते, म्हणाल्या. श्रीधर अजून कॉलेजातून यायचा होता. उमाने रुमाल मांडीवर पसरला, काठावरून बोट फिरवीत ती शेवटची गाठ शोधली आणि सुईच्या टोकाने ती उकलू लागली. स्वतःच इतकी पक्की मारली होती. गाठ सुटली आणि रुमालाच्या कडेला एक फासा उभा राहिला.

ज्याने क्रोशा कधी हातात धरला नाही त्याला हे ठाऊक नसते: केवढेही मोठे काम असो, त्याचा प्राण एका फाशात असतो. तो धरला आहे तोवर सारे शाबूत. तो सोडला आणि दोरा ओढला, की महिन्यांचे काम चहा निवायच्या आत पुन्हा दोरा होऊन पायाशी पडते.

तिने ओढले. पहिली कमान गेली. टप्. दुसरी गेली. प्रत्येक कमान सुटताना बोटाला बारीक हिसका बसे आणि उमाला वाटे, हे एक बोट सुटले. हे दुसरे. घेर संपत आला तसा तिचा श्वास मोकळा होत गेला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखे वाटले.

मग तिला आठवेना, त्या संध्याकाळी तिने नेमके कुठून आरंभ केला होता. शेवटचा घेर खराच, पण त्याच्या आधीच्या घेराचे थोडे उरले होते ना? की तो आदल्या रात्रीच पुरा झाला होता? ती कमानींच्या आतल्या खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, ओळीकडे पाहत राहिली. सगळे टाके सारखे. ग्रहणातला टाका आणि ग्रहणाबाहेरचा टाका यांत काडीचा फरक नव्हता, आणि या निरीक्षणातून काही निष्कर्ष काढता आला असता. पण घाबरलेले माणूस निष्कर्ष काढत नाही, दक्षता घेते. तिने आणखी एक ओळ उसवायला घेतली. रुमाल मघापेक्षा लहान झाला होता. पायाशी दोऱ्याचा ढीग.

अर्धी ओळ गेली असेल, आणि पोट आवळून आले.

घट्ट, दगडासारखे, वरून खाली. थोडा वेळ तसेच राहिले आणि सैलावले. आठव्यात असे होते, हे तिला कोणी सांगितले असते तर. पण तिला जे ठाऊक होते ते गेल्या सालचे होते. तेव्हाही आधी असेच आवळून आले होते. आणि त्यानंतर जे काही तिच्या आत फाशात फासा घालून पाच महिने जमत आले होते, ते एका दुपारी, कोणीतरी टोक धरून ओढल्यासारखे, उलगडत गेले होते. थांबवता आले नव्हते.

दोरा ओढणारा हात जागच्या जागी गोठला.

जर टाक्याने टाका बांधून बाळाची बोटे बांधली जात असतील, तर टाक्यामागून टाका उसवून काय होते? हे कोणी विचारले नव्हते. एका जाणत्या बाईच्याही डोक्यात आले नव्हते. उमाने डाव्या हाताची तर्जनी त्या उघड्या फाशात घातली आणि तो तसाच धरून ठेवला. ओढले तर आणखी सुटणार. विणले तर पुन्हा बांधणार. सेफ्टी पिन अडकवता आली असती, नेहमी ती तेच करी. पण पिन म्हणजे टोचणे. ती हलेना. तिने माईंना हाक मारली नाही, कारण हाक मारायला पोटातून जोर लागतो.

श्रीधर आला तो छत्री झाडीत, कसल्या तरी समितीची तक्रार करीत. तिला पाहून तो दारातच थांबला.

"काय झालं?"

तिने सांगितले. पोट आवळल्याचे, गेल्या सालचे, फाशाचे. बोलताना तिची नजर बोटावरून हटली नाही. मग तिने वर पाहिले.

"तुम्ही शिकलेले आहात. मी तुमचं ऐकेन. ओढू का ठेवू, तेवढं सांगा."

काहीही सांगितले असते तरी चालले असते. ओढ म्हणाला असता, ठेव म्हणाला असता, फेकून दे म्हणाला असता. मोसंबे आणि सुपारी घेऊन साऱ्या विश्वाची गती समजावून देणारा तो माणूस बायकोच्या बोटावरच्या एका फाशाकडे पाहत उभा राहिला, आणि उमाला दिसले की त्याचे ओठ पांढरे पडले आहेत. तो तिच्याहून जास्त भ्यायला होता. तिचे भय निदान उघड्यावर होते.

"आईला विचारतो," तो म्हणाला.

माई आल्या. उंबऱ्यातूनच त्यांनी पाहिले: अर्धवट उसवलेला रुमाल, ढीग, बोट. ओढू नको, त्या लगेच म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, पण तसं ठेवणंही बरं नव्हे. बाहेर सोप्यावर मायलेकांची कुजबूज झाली. अर्धवट उसवलेल्याला शास्त्र काय, हे माईंना ठाऊक नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच असे काही निघाले होते जे त्यांच्या आईने, आजीने, कोणीच केले नव्हते. शेवटी देवळातल्या गुरुजींना विचारावे असे ठरले. कोण जाणार, हा प्रश्नही पडला नाही. खिडकीतून उमाने पाहिले: निर्भय नागरिक चपला अडकवून, छत्री उघडायचीही विसरून, चिखलातून झपाझप देवळाकडे निघाला होता.

तो परत येईपर्यंत उमा बसून राहिली. पोट पुन्हा एकदा आवळले, सैलावले. दोऱ्याने बोटाचे टोक पांढरे, मग निळसर झाले होते. बाळ हलले. ती त्याला मनात म्हणत होती, थांब हं, विचारायला गेलेत.

गुरुजी घरी नव्हते. कोणाच्या तरी वास्तूला दौलताबादला गेले होते, उद्या सकाळी येणार होते. श्रीधरने हे दारातून सांगितले, खोलीत न येता.

"उद्या सकाळपर्यंत तसंच धर," माई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काकुळती होती. "मी बसते जवळ. हाताखाली उशी देते. नुसतं बोट तर आहे."

श्रीधर म्हणाला, "हो. एका रात्रीचा प्रश्न आहे."

उमाने दोघांकडे पाहिले. माईंच्या हातात खरोखरच उशी होती. तिला त्यांचा राग आला असे नाही. राग यायला आत जी जागा लागते ती सगळी भयाने भरलेली होती. तिला बोट दुखत होते. दुसरे काहीच तिला स्पष्ट कळत नव्हते, एवढेच कळत होते की बोट दुखते आहे आणि ते तिचे आहे.

तिने उजव्या हाताने सुई उचलली, फाशात घातली, आणि बोट बाहेर काढले.

"अगं, काय करतीस?"

"बोट दुखतंय, माई."

दोरा सुईवर घेऊन तिने तो फाशातून ओढला. एक साखळी झाली. ती वाकडी आली. तिने डोळे मिटून वाट पाहिली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. काही झाले नाही. म्हणजे, झाले की नाही हे कळायला अजून दीड महिना होता, आणि ते ती जाणून होती. तिने दुसरी साखळी घातली, मग खांब. प्रत्येक टाक्यानंतर ती थांबून पोटाकडे पाही. माई उशी धरून उभ्या राहिल्या. त्यांनी तिला अडवले नाही. अडवायला काहीतरी नियम लागतो.

भाद्रपदात, गणपती उठल्यावर, उमा प्रसूत झाली. मुलगी. सुईणीने नाळ कापायच्या आतच माईंनी बाळाच्या मुठी उघडून पाहिल्या, मग ओठावरून बोट फिरवले. दाराबाहेरून श्रीधरने विचारले, "बोटं?" उमा कशी आहे हे त्याने त्यानंतर विचारले, आणि मनापासून विचारले. सगळे ठीक होते. माईंनी मध्यंतरी गुरुजींकडून जी शांत करवून घेतली होती तिला यश आले, असे ठरले. त्या महिन्यात वाचनालयात श्रीधरचे पुन्हा भाषण झाले. जैनबआपा बाळ बघायला आल्या, सोप्यावर जरा दूरच बसल्या, आणि माईंनी न सांगता दुपट्यातून बाळाचा हात बाहेर काढून त्यांना दाखवला. आपांनी सुस्कारा टाकला आणि मग पोरीला मांडीवर घेतले.

रुमाल उमाने पुरा केला होता. काठाकडचे त्याचे टाके ओबडधोबड होते, कुठे आवळलेले, कुठे ढिले. तो आता कोणाला देण्यासारखा राहिला नव्हता.

रोज सकाळी पोरीला न्हाऊ घातल्यावर, माईंची पाठ वळली की उमा ती इवली मूठ उघडी आणि एकेक बोट बाजूला करून दोन बोटांच्या मधली जागा पाही. तिथे काही नसे. ते तिला आदल्या दिवशीही दिसलेले असे. मग ती दुसरी मूठ उघडी.